घाण हाताची पिशवी

१ सप्टेंबर

आज शाळेत परत रुजू झालो. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तेव्हा सगळे एकदम बोलायचे थांबले, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. गणिताच्या सरांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला तो सोडेनात. त्यांचे तळवे कायम ओले असतात. नंतर मी नळावर जाऊन साबण लावून हात धुतले, तरी तो ओलेपणा दुपारपर्यंत गेला नाही.

बायकोच्या कपातून कोणीतरी चहा प्यायलं होतं. शिपायाच्या लक्षात आलं, त्याने पटकन कप उचलला, पण काठाला चिकटलेली साय मला दिसायची ती दिसलीच.

मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. पंधरा तारखेला पालक वर्ग बघायला येणार आहेत आणि त्यात आमचा जोडतास दाखवायचा आहे. जोडतास हे बायकोचं डोकं. ती विज्ञान शिकवायची, मी जर्मन शिकवतो. आठवड्यातून एकदा सातवीला दोन्ही एकत्र. मुलं हाताने काहीतरी करणार, कालवणार, चिरणार, उगवणार, आणि जे दिसेल ते जर्मनमध्ये सांगणार. मोठ्या बाईंचं म्हणणं, तास पुढे चालवायचा की नाही हे मीच ठरवावं, पण पंधरा तारीख झाली की लगेच सांगावं. तास नसेल तर पुढच्या वर्षी जर्मन घ्यायला मुलं यायची नाहीत आणि विषयच बंद करावा लागेल.

बघतो, म्हणालो. बघण्यासारखं काही नाही. बंद करा, असंच सांगणार आहे. निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत, तोवर परीक्षांची कामं बघेन. पंधरा तारखेपर्यंत कळ काढायची एवढंच.

४ सप्टेंबर

जोडतास झाला. या वर्षी तो जेवणाच्या सुट्टीनंतर आहे. जूनमध्ये मीच मोठ्या बाईंना सांगून वेळ बदलून घेतली होती, कारण आधीच्या वर्षांत तो सुट्टीच्या आधी असायचा आणि तिथून उठून आल्यावर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तिच्या जागी एक नवीन विज्ञानाच्या बाई आल्यात. वय माझ्या मुलीएवढं. शांतता हवी असली की तीन टाळ्या वाजवतात, मग चाळीस मुलं उलट तीन टाळ्या वाजवतात, आणि त्यानंतर शांतता होते असं त्यांचं मत आहे. मनात मी त्यांचं नाव टाळीबाई ठेवलं. चष्मा केसांत खोचलेला, बाहीला शाई. बरोबर उत्तर आलं की गालावर चांदणी चिकटवतात. गालावर.

प्रयोगशाळेत खिडकीखालच्या फळीवर ट्रेमध्ये पावाच्या पिशव्या आहेत. बायको हा प्रयोग दर वर्षी करायची. पावाच्या ताज्या स्लाइसना वेगवेगळ्या गोष्टी टेकवायच्या, एकीला दाराची मूठ, एकीला कीबोर्ड, एकीला बाक, एकीला फक्त पाण्याने धुतलेला हात, एकीला साबणाने धुतलेला, एकीला काहीच नाही. मग प्रत्येक स्लाइस बंद पिशवीत घालून ठेवायची आणि बुरशी कशी येते ते रोज बघायचं. ती गेली त्याच आठवड्यात या पिशव्या भरल्या होत्या. मी रजेवर होतो तेवढ्यात त्यांनी आपलं काम केलं. कीबोर्डच्या स्लाइसवर हिरवा गालिचा आलाय. मुठीची काळी पडून पिशवीत पाणी सुटलंय. पिशव्या बंद असतात, वास येत नाही, असं ती म्हणायची. मला येतो.

मुलं मात्र त्या ट्रेवर नाकं टेकवून उभी. एक मुलगी आहे, दोन घट्ट वेण्या, कुठल्याही गोष्टीवर वाद घालते. बायको तिला वकील म्हणायची. तिने विचारलं, लव आल्यासारखं दिसतं त्याला जर्मनमध्ये काय म्हणतात. तो शब्द अभ्यासक्रमात नाही, असं मी सांगितलं.

"पण सर, पिशवीत आहे ना."

शब्द दिला. वर्गाने तो तासभर चघळला. घरी आल्यावर अंघोळ केली.

७ सप्टेंबर

मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, एक दिवसाआड करते. विचारते तेच, जेवलास का, झोपलास का. मग म्हणाली, "बाबा, आईचा अॅप्रन धुतलास का? स्वयंपाकघराच्या दारामागे तसाच आहे ना तो?"

वेळ मिळाला नाही, म्हटलं. पडदे, चादरी, सोफ्याची खोळ, सगळं धुऊन झालंय. परवा पंख्याची पातीही पुसली. तो अॅप्रन म्हणजे एक प्रकरण आहे. खिशाला आयोडिनचे डाग, पुढे कसले कसले ओघळ, शिवाय शाळेतल्या जुन्या स्पंजचा कुबट वास. ती असताना तो मी चिमटीत धरून बादलीत टाकायचो. रविवारी धुतो.

८ सप्टेंबर

पंधरा तारखेचा सराव म्हणून आजही सातवीला गेलो. प्रत्येक पिशवीपाशी एक मूल उभं राहणार आणि पालकांना जर्मनमध्ये सांगणार, इथे काय टेकवलं, आम्हाला काय वाटलं होतं, काय झालं. त्यावर टाळीबाई मराठीत समजावणार.

पिशव्यांवर क्रमांक आहेत. सहापर्यंत सगळ्या दिसल्या. सातवी पिशवी नाही. सातवी घाण हाताची असते एवढं मला माहीत आहे. बायकोने त्यासाठी दिलेला जर्मन शब्द, श्मुत्झिग, मुलांना फार आवडतो. तो म्हणताना तोंड पुसावंसं वाटतं म्हणून आवडत असावा. दर वर्षी ती पिशवी सगळ्यात ओंगळ निघते आणि मुलं सगळ्यात आधी तिच्याकडे धावतात. तो हात कोणाचा असतो, मी कधी विचारलं नाही. प्रयोगाच्या दिवशी मी दाराबाहेर उभा राहायचो, रुमाल नाकाला लावून.

सातवी कुठे आहे, विचारलं. वकीलसुद्धा खाली बघायला लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ती नाहीये सर. दुसरा म्हणाला, होती पण आता नाहीये. टाळीबाईंनी तीन टाळ्या वाजवल्या आणि विषय तिथेच संपवला.

म्हणजे सांडली असणार, फुटली असणार, नाहीतर फेकून दिली. आणि आता सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं ठरवलंय. टाळीबाईंनी मुलांना हेही शिकवलं. चुकलेला प्रयोग लपवायचा आणि बरोबर आला त्याला चांदणी लावायची. बायकोच्या फळीवर हे चालावं याचीच मला शिसारी आली. मोठ्या बाईंच्या कानावर घालावं म्हणतो.

१० सप्टेंबर

रविवार. अॅप्रन राहिला. पाणी कमी दाबाने येत होतं.

११ सप्टेंबर

सकाळी लवकर गेलो. मोठ्या बाई यायच्या होत्या, म्हणून आधी प्रयोगशाळेत डोकावलो. टाळीबाई एकट्याच होत्या, टेबलं पुसत होत्या. काहीतरी खातही होत्या, मला बघून घाईने गिळलं. प्रयोगशाळेत खातात. हेही मी मनात जमा केलं.

मग मी बोललो. इतकं मी शाळेत क्वचित बोलतो. म्हणालो की प्रयोग फसला तर फसला म्हणून दाखवावा, माझ्या पत्नीने एवढ्या वर्षांत एकही निकाल लपवला नाही, आणि मुलांना खोटं बोलायला लावणं मला किळसवाणं वाटतं. किळसवाणं हा शब्द वापरला. त्यांनी फडकं खाली ठेवलं. चेहरा लाल झाला. कपाटाशी गेल्या, वरच्या खणातून तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मला देईनात.

"सर, ही बाईंची आहे."

मला कळलं नाही. सगळ्याच तिच्या आहेत, म्हटलं.

"तसं नाही सर. घाण हात बाईंचा असायचा. दर वर्षी. मुलांना सांगायच्या, तुमच्यापैकी कोणाचा हात माझ्याइतका घाण असेल तर पुढे या. या वर्षीचाही त्यांचाच आहे. त्या सोमवारचा."

मी स्टूल ओढून बसलो.

मग त्यांनी भरभर सांगितलं. त्या आल्या तेव्हा मुलांनीच दाखवलं. ही पिशवी सरांच्या समोर कशी ठेवायची हे कोणालाच कळेना. टाकूनही देता येईना. शिवाय त्यात आणखी एक गोम आहे. मुठीची, कीबोर्डची पिशवी सडली, पण ही सडली नाही. बाईंनी पैज लावली होती की माझीच सगळ्यात वाईट निघेल. बाईंचा प्रयोग चुकला असं मुलांना कोणासमोर म्हणायचं नव्हतं, म्हणून वर्गाने ठरवलं की ही नव्हतीच.

कागद सोडवून त्यांनी पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. पांढरी स्लाइस. कोपऱ्यात एक फिकट ठिपका, बस्स. पाव तेव्हा ताजा असणार, कारण चार बोटांचे खळगे तसेच आहेत. करंगळीचा तिरका. लहानपणी ती दारात चिमटली होती.

"मी जाते बाहेर," टाळीबाई म्हणाल्या, आणि गेल्या. मोठ्या बाईंकडे मी गेलो नाही.

१२ सप्टेंबर

का सडली नाही ते मला माहीत आहे. कालच, स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकत्र डबा खायचो. त्या आधी आणि नंतर मी तिला हात धुवायला लावायचो. तिचे हात कशात बुडालेले असतील याचा भरवसा नसे. आधी शेवाळ, नंतर खडू, मध्ये कसलातरी चीक. ती लोकांना सांगायची, हा माणूस हात धुऊन माझ्या हातांच्या मागे लागलाय. तरी धुवायची. मी रुमाल पुढे करायचो, ती पुसायची. इतकी वर्षं झाल्यावर त्यात सांगणंही उरलं नव्हतं. मी नुसतं बघितलं तरी ती उठून नळाशी जायची.

आधीची सगळी वर्षं तास सुट्टीच्या आधी असायचा. या वर्षी मी तो सुट्टीनंतर घ्यायला लावला. म्हणजे त्या सोमवारी ती नळावरून, माझ्या रुमालाला हात पुसून, तशीच वर्गात गेली आणि आपला जगातला सगळ्यात घाण हात म्हणून पावावर दाबला. तिच्या लक्षातही आलं नसेल.

हे कोणाला सांगण्यासारखं नाही.

१३ सप्टेंबर

टाळीबाईंनी विचारलं, पिशवी ठेवायची की नाही. मी म्हटलं, ठेवा. सातव्या जागी. मुलांना म्हणावं, जे दिसतं ते सांगायचं. वकिलीणबाईंनी ती जागा आपणहून मागून घेतली.

टाळीबाईंच्या बोटांना सोलवटल्यासारखं झालंय. विचारलं तर म्हणाल्या, ब्लीचमुळे. रोज सगळी टेबलं ब्लीचच्या पाण्याने पुसतात. तुम्हाला वासाचा त्रास होतो असं बाई म्हणायच्या म्हणून मुलांनी सांगितलं, म्हणाल्या. मला ब्लीचच्या वासाचाही त्रास होतो. पण ते बोललो नाही.

१५ सप्टेंबर

पालक आले. अत्तरं, कडक कपडे, हातात फोन. एका गृहस्थांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड ट्रेमध्ये, मुठीच्या पिशवीवर ठेवलं आणि नंतर तेच उचलून खिशात घातलं. एक आजोबा मला म्हणाले की देवाघरी चांगली माणसं लवकर जातात, आणि त्याच दमात विचारलं की जर्मन येणाऱ्याला पगार किती मिळतो. मी भिंतीशी उभा राहिलो आणि पंधरा तारीख संपायची वाट बघत होतो.

मुलं बरी बोलली. कीबोर्डच्या मुलाने लव आल्यासारखं हा शब्द इतक्या चवीने म्हटला की मला तोंड फिरवावं लागलं.

मग वकील. तिने सांगितलं, इथे घाण हात आहे. आम्हाला वाटलं होतं, हा सगळ्यात वाईट निघेल. तो स्वच्छ आहे. तिचं वाक्य संपलं आणि ती तिथेच थांबली. टाळीबाईंनी मराठीत सांगितल्यावर तेच कार्डवाले गृहस्थ हसून म्हणाले, "मग घाण हात कसला? प्रयोग फसला म्हणा की."

वकिलाने त्यांच्याकडे बघितलं. वाद घालणारी ती मुलगी, तिला एक शब्द सुचेना. मराठीतही नाही. खालचा ओठ दातांत धरला. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता आणि मग सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

मी बोललो. जर्मनमध्येच बोललो, कारण मराठीत ते माझ्याच्याने झालं नसतं. सातवीला कळतील अशी वाक्यं केली. त्या दिवशी बाई जेवून आल्या होत्या. जेवल्यावर मी त्यांना हात धुवायला लावले होते. मी रोज लावायचो. त्यांचा हात घाण नव्हता. तास सुट्टीनंतर ठेवा असं मीच सांगितलं होतं.

मग मागच्या बाकावरचा तो मुलगा फस्सकन हसला. मग शेजारचा. मग एकेकाला अर्थ लागत गेला तसा वर्ग हसत सुटला. कोणी कोणाला ढोसत होतं, कोणी बाईंच्यासारखे हात पुढे करून रुमालाला पुसून दाखवत होतं. म्हणजे त्यांनी ते बघितलं होतं. सगळ्या शाळेनेच बघितलं असणार. पालक नुसतेच इकडेतिकडे बघत राहिले, एवढं हसण्यासारखं झालं काय ते त्यांना कळेना. टाळीबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"काय म्हणाले सर?" त्या गृहस्थांनी विचारलं.

वकिलाने नाक पुसलं आणि सरळ उभी राहिली. "सर म्हणतात, बाईंची चूक नाही. चूक सरांची आहे."

असं मी म्हटलं नव्हतं. पण भाषांतर बरोबर होतं.

१८ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्या मनात काय आलं, तर ती स्लाइस काचेच्या पेटीत ठेवायची. बाहेर व्हरांड्यात, तिच्या फोटोखाली, छोटा दिवा लावून. खाली दोन ओळी. त्यांचे डोळे भरून आले होते. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. म्हटलं, बाई, तो पाव आहे. प्रयोग संपला की तो नष्ट करायचा असतो, हा तिचाच नियम आहे.

वाईट वाटलं त्यांना. वाटू दे. फोटो लावा म्हटलं, फोटो चांगला आहे.

मग त्यांनी तासाचं विचारलं. मी म्हणालो, चालू ठेवा, पण सुट्टीच्या आधी. आधी होता तसा. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

दुपारी टाळीबाईंनी बादलीत ब्लीचचं पाणी केलं. पिशव्या पाण्याखाली धरायच्या आणि तिथेच कात्रीने चीर द्यायची. सहा त्यांनी केल्या. सातवी माझ्याकडे दिली. हातमोजे देत होत्या, ते मी घेतले, मग काढून ठेवले. प्लॅस्टिकवरूनच बोटं त्या खळग्यांवर ठेवून बघितली. माझी मोठी आहेत, बसली नाहीत. करंगळी तर मुळीच नाही.

पाव पाण्यात फार लवकर विरघळतो.

२९ सप्टेंबर

नवीन पाव आणला. वर्ग दुसरा, सातवीची दुसरी तुकडी. पण जुन्या तुकडीतून वकील तास बुडवून दारात उभी होती. जा म्हटलं तर म्हणाली, मी फक्त बघतेय.

सकाळी उठल्यापासून हात धुतले नव्हते. असं मी आयुष्यात केलेलं नाही. बसमध्ये दांडी धरली, तीही खालची, जिथे सगळे धरतात. शाळेच्या फाटकाची कडी. जिन्याचा कठडा तळापासून वरपर्यंत. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांशी आपणहून हात मिळवला. त्यांना इतकं बरं वाटलं की सोडेनातच. पहिल्या दोन तासांना बोटं अंगापासून लांब धरून शिकवत होतो. ती बोटं माझी वाटत नव्हती.

घरून निघताना दारामागे अॅप्रन होताच. त्याच्या खिशात हात घातला होता. आत खडूचा भुगा, एक रबरबँड, तळाशी काहीतरी चिकट. बस येईपर्यंत वेळ होता, म्हणून हात तसाच आत ठेवला. बस चुकली. दुसरीने गेलो.

टाळीबाईंनी विचारलं, घाण हात कोणाचा. कोणी पुढे येईना. मी गेलो. पावावर हात दाबला, जोरात. ताज्या पावाला वाटतं त्याहून जास्त जोर लागतो. उचलला तेव्हा चार खळगे होते, सरळ. मुलांनी श्मुत्झिग म्हणून गलका केला. टाळीबाईंनी चिकटपट्टीने पिशवी बंद केली आणि क्रमांक घातला.

"सर, आता हात धुवा," दारातून वकील म्हणाली. "जेवायची सुट्टी झाली."

धुतो, म्हटलं.

डबा तसाच घरी परत आणला.